शटरचं वजन कोण उचलतं?



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीच्या जागेला किंवा दुकानाला लोखंडी शटर असेल, तर त्याचं वजन किती आहे? मनातल्या मनात एक आकडा धरा. मी जेव्हा जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक जण दहा-पंधरा किलो म्हणतात. साहजिक आहे. सकाळी उचलताना हाताला तेवढंच लागतं.

आता हिशोब करू. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत शटरसाठी ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्ट्या सांगितलेल्या असतात. एवढ्या जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा जवळजवळ १० किलो भरतो. एक गाडी आत जाईल असं अडीच मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच शटर घेतलं, तर क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. म्हणजे सपाट पत्राच ६० किलो. पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी कडा वळवलेल्या असतात, त्यात पत्रा जास्त जातो. टोकाचे लॉक आणि खालची जाड पट्टी वेगळीच. तेव्हा ६० किलो हा कमीत कमी आकडा समजा.

तुम्ही रोज सकाळी एका हाताने ६० किलो उचलत नाही. मग कोण उचलतं? वरच्या पत्र्याच्या खोक्यात, कोळ्यांच्या जाळ्यांमागे बसलेल्या स्प्रिंगा उचलतात. आजचा विषय त्याच. त्या कशा काम करतात, झिजल्याचं कसं ओळखायचं, तुटल्यावर काय करायचं, आणि बदलण्याच्या कामातला कोणता भाग घरच्या माणसाने करायचा, कोणता मुळीच करायचा नाही.

आधी रचना समजून घेऊ. वरच्या खोक्यात एक आडवा पाइप असतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरच्या ब्रॅकेटला तो यू क्लॅम्पने घट्ट आवळलेला असतो. हा पाइप फिरत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्यावर बिडाची चाकं बसवलेली असतात, ती फिरतात, आणि शटरचा पडदा या चाकांना जोडलेला असतो. प्रत्येक स्प्रिंगचं एक टोक न फिरणाऱ्या पाइपात अडकवलेलं, दुसरं फिरणाऱ्या चाकाला. शटर खाली ओढलं की चाक फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. शटर वर ढकललं की तो पीळ सुटत जातो आणि पडद्याला वर खेचतो.

इथे स्प्रिंगच का? रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली जो नियम छापून प्रसिद्ध केला, तोच इथे कामाला येतो. स्प्रिंग जितकी ताणाल किंवा पिळाल, तितकी ती जोराने परत ओढते. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळा पडदा लटकत असतो, म्हणजे वजन सर्वांत जास्त, आणि नेमका तेव्हाच पीळ सर्वांत जास्त असतो. शटर वर जातं तसतसा पडदा गुंडाळला जातो, लटकणारं वजन कमी होतं आणि पीळही कमी होतो. दोन्ही बाजू बरोबरीने कमी होतात, म्हणून कुठल्याही उंचीवर तुमच्या हाताला थोडंच लागतं.

आता याच वाक्याची दुसरी बाजू पाहा. शटर बंद असतं, तेव्हा स्प्रिंग पूर्ण पिळलेली असते. बाहेरून सगळं शांत दिसतं. कुलूप लावलेलं, समोर मांजर झोपलेलं. आणि वर ती स्प्रिंग आपली ताकद धरून बसलेली असते.

किती ताकद? ६० किलोचा पडदा, त्याचा मध्यबिंदू साधारण १.२ मीटर वर जातो. म्हणजे ७०० ज्यूलच्या आसपास. ज्यूल हा शब्द घरात कोणी वापरत नाही, म्हणून असं सांगतो: १० किलो तांदळाची पिशवी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावरून खाली आली, तर जमिनीवर जेवढ्या जोराने आपटेल तेवढी. ही ताकद दोन-तीन स्प्रिंगांत वाटलेली असते. त्यातली एक जरी हातात पाना असताना सुटली, तरी काय होईल ते मी वेगळं सांगायला नको.

मी सैन्यात होतो. तिथे पहिल्या आठवड्यात एक गोष्ट अंगवळणी पाडतात: हत्यार रिकामं आहे असं कुणी सांगितलं, तरी स्वतः तपासेपर्यंत ते भरलेलंच समजायचं. बंद शटरकडे मी तसंच पाहतो. तुम्हीही पाहा. घाबरायचं मुळीच कारण नाही. आपण रोज ते उघडतो, बंद करतो, काही होत नाही. पण त्याच्या वरच्या खोक्यात हात घालायचा, तर ते भरलेलं आहे हे धरूनच.

आता स्प्रिंग झिजते कशी ते पाहू. पोलादाची तार एकदा वाकवून तुटत नाही. पण तीच तार हजारो वेळा पिळली आणि सोडली, की तिच्यात कुठेतरी केसासारखी बारीक चीर पडते. ती वाढत जाते. एक दिवस उरलेला भाग भार पेलू शकत नाही आणि 'ठाण्' असा आवाज होऊन स्प्रिंग तुटते. रात्री शांत वेळी तुटली, तर घरात सगळे दचकून उठतात आणि सिलिंडर फुटला की काय असं वाटतं.

अमेरिकेतल्या गॅरेजच्या दारांना ज्या नेहमीच्या स्प्रिंगा बसवतात, त्यांचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघडझाप इतकं धरतात. दिवसातून चार वेळा दार उघडलं-लावलं तर वर्षाला १,४६० वेळा होतं. म्हणजे जवळजवळ सात वर्षं. आपल्या शटरच्या स्प्रिंगांचा दर्जा कमी-जास्त असतो, त्यामुळे हाच आकडा जशाचा तसा लावू नका. पण हिशोबाची पद्धत हीच. आयुष्य वर्षांत मोजायचं नाही, उघडझापेत मोजायचं. दुकानाचं शटर दिवसातून दोनदा हलतं. चार कुटुंबांच्या गाड्या एकाच दारातून जात असतील, तर ते दिवसातून वीस वेळा हलतं. दोघांचं आयुष्य सारखं कसं असेल?

दुसरा शत्रू गंज. गंजलेल्या तारेवर बारीक खड्डे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. म्हणून गोवा, कोकण, मंगळूर, चेन्नई अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या माणसापेक्षा लवकर लक्ष द्यायला हवं.

तिसरी गोष्ट शत्रू नव्हे, आपली सवय. स्प्रिंग नेहमीच एकदम तुटते असं नाही. कधी ती हळूहळू सैल पडते. शटर दर महिन्याला थोडं थोडं जड होतं आणि आपण त्याची सवय करून घेतो. आधी एका हाताने उचलायचो, मग दोन हातांनी. मग आई म्हणते, "मला नाही उचलत, पोराला बोलव." मग शेजारच्या दुकानातला मुलगा रोज मदतीला येतो. कुणी म्हणत नाही की यंत्र बिघडलंय. म्हणतात काय, तर "आता वय झालं." अहो, वय तुमचं नाही झालं, स्प्रिंगचं झालंय.

आता तपासणी. ही तुम्ही स्वतः करायची, वर्षातून दोनदा. याच खात्याच्या कामांच्या नियमांत एक चांगली अपेक्षा लिहिलेली आहे: स्प्रिंगांनी पडद्याचं वजन असं तोलावं, की अर्धवट उघडलेलं शटर कुठेही स्थिर राहावं. आपली परीक्षा तीच. दोन माणसं घ्या. दोघंही बाहेरच्या बाजूला उभे राहा, पाय शटरच्या रेषेच्या मागे. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. शटर कमरेपर्यंत उचला. हात न काढता हळूहळू पकड सैल करा. जागेवर राहिलं, तर तोल बरोबर आहे. खाली येऊ लागलं, तर स्प्रिंग सैल पडली आहे. आपोआप वर पळू लागलं, तर पीळ जास्त दिलेला आहे. तेही वाईटच, कारण ते हातातून निसटून वर आपटतं. एक बाजू वर आणि एक खाली असं तिरकं जात असेल, तर बहुधा एका बाजूची स्प्रिंग गेली आहे. आणि आधीच मोठा आवाज झाला असेल किंवा शटर तिरकं दिसत असेल, तर ही परीक्षा करूच नका. निकाल आधीच लागलेला आहे.

उचलताना हात नेहमी हँडलला. पट्ट्यांच्या मध्ये बोटं घालून उचलायची सवय अनेकांना असते. पट्टी वळली की ती फट मिटते आणि बोट आत राहतं.

समजा, स्प्रिंग तुटलीच. दोन स्प्रिंगांच्या शटरची एक तुटली, तर अर्धा आधार गेला. आता ३० किलो किंवा जास्त तुमच्या हातावर आहे आणि सोडलं तर तेवढंच खाली येणार आहे. शटर बंद असताना तुटली असेल, तर उत्तम. तसंच राहू द्या. गाडी आत अडकली, तर एक दिवस रिक्षाने जा. चार माणसं बोलावून, जोर लावून उचलण्याची आपल्याकडे फार हौस असते. उचलता येतं, पण वर गेल्यावर ते धरून कोण ठेवणार, हा विचार आधी कुणी करत नाही.

शटर उघडं असताना तुटली असेल, तर खालून ये-जा लगेच थांबवा. खालच्या जाड पट्टीखाली दोन्ही टोकांना मजबूत लाकडी बल्ल्या उभ्या करून टेकू द्या. त्याही बाजूला उभं राहून, खाली जाऊन नाही. मग माणूस बोलवा. आणि तो येईपर्यंत तिथे कुणीतरी थांबा. चिठ्ठी चिकटवून भागत नाही. दूधवाल्याला आणि शाळेतून येणाऱ्या पोरांना चिठ्ठी दिसत नाही.

मोटर असलेल्यांसाठी दोन शब्द. मोटर सगळं वजन उचलते, असा समज आहे. बऱ्याच शटरांत आणि गॅरेजच्या दारांत मोटर फक्त ढकलते, वजन स्प्रिंगच तोलते. स्प्रिंग सैल पडली तरी मोटर काही दिवस रेटून नेते, त्यामुळे दोष झाकला जातो. मग मोटर जळते, नवी बसवतात, तीही जळते. म्हणून मोटर बदलण्याआधी तोल तपासून घ्या. दुसरं, मोटर सोडवण्यासाठी एक दोरी किंवा खटका असतो. दार उघडं असताना आणि स्प्रिंगचा संशय असताना तो ओढू नका. दार धरून ठेवणारी तीच एक गोष्ट उरलेली असते. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या मोटरला, खाली माणूस किंवा वस्तू आली तर दार उलटं फिरेल अशी सोय सक्तीची आहे. आपल्याकडे मोटर घेताना तशी सोय आहे का, हे विचारा आणि बसवल्यावर खाली एक खोकं ठेवून खरंच तपासा.

आता मुख्य प्रश्न. स्प्रिंग घरच्या घरी बदलावी का? अनेकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. अमेरिकेतला एक गृहस्थ शनिवारी सकाळी हातात दोन लोखंडी सळ्या घेऊन तासाभरात स्प्रिंग बदलतो. ते पाहून आपल्याला वाटतं, मिस्त्रीला कशाला बोलवायचं?

नीट ऐका. त्याचं यंत्र वेगळं, तुमचं वेगळं. त्याचं दार मोठमोठ्या फळ्यांचं असतं, रुळांवरून वर जाऊन छताला समांतर आडवं होतं. स्प्रिंग दाराच्या वर उघड्यावर, फिरणाऱ्या दांड्यावर असते. ती बदलताना तो दार आधी पूर्ण बंद करतो, रुळाला पकडीने अडकवतो, आणि मग पूर्ण भरलेली स्प्रिंग सळ्यांनी पाव-पाव फेरा करत रिकामी करतो. आपल्या शटरचं काम बरोबर उलटं आहे. इथे पडदा आधी पूर्ण वर घ्यायचा, म्हणजे पीळ कमीत कमी होतो, आणि मगच पाइपाच्या क्लॅम्पला हात लावायचा. त्या व्हिडिओतलं पाहून कुणी आपलं शटर बंद केलं आणि शिडीवर चढून यू क्लॅम्प सैल केला, तर सगळा पीळ एका क्षणात पाइपातून बाहेर येईल. समोर हात असेल, पाना असेल, चेहरा असेल.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: शटरची स्प्रिंग बदलण्याचं काम शिकलेल्या माणसाचंच. ज्यांच्या बंगल्याला फळ्यांचं दार आहे, त्यांनाही मी तेच सांगेन. तिथेही व्हिडिओतला माणूस नेमक्या मापाच्या सळ्या वापरतो. त्या जागी स्क्रू ड्रायव्हर घालणारा माणूस स्वतःचा दात किंवा मनगट पणाला लावतो.

पण 'मिस्त्रीला बोलवा' एवढं सांगून मी थांबणार नाही. सैन्यात दुरुस्तीसाठी वेगळी कोअर आहे, ईएमई, १९४३ साली उभी राहिली. गाडी दुरुस्त त्यांनीच करायची. पण दुरुस्त होऊन आलेली गाडी ताब्यात घेताना काय पाहायचं, हे युनिटच्या माणसाला माहीत असावंच लागतं. तुमची भूमिका तीच आहे. पाना हातात घेऊ नका, पण काम डोळ्यांनी ओळखा.

चांगला मिस्त्री असं काम करतो. एकटा येत नाही, जोडीदार आणतो. स्टुलावर स्टूल ठेवत नाही, पक्का घोडा मागतो. शटर पूर्ण वर घेतो आणि गुंडाळी दोराने बांधतो, म्हणजे ती उलगडणार नाही. पाइपाला मोठा पाइप पाना लावतो, तो जोडीदार घट्ट धरतो, आणि मगच क्लॅम्प सैल होतो. उरलेला पीळ थोडा थोडा सोडत जातो आणि फेरे मोजतो. मी एका मिस्त्रीला पाहिलंय, तो फेरे मोठ्याने मोजायचा आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. शिक्षण विचारलं तर चौथी. पण काम पाहिलं तर त्याला माझा सलाम. नवी स्प्रिंग बसवताना पीळ किती द्यायचा, याचा अंदाज त्याला त्या खडूच्या आकड्यावरून मिळत होता. शेवटी तो अर्ध्यावर शटर सोडून तोल दाखवतो. तुम्ही म्हणेपर्यंत थांबत नाही.

त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, किती स्प्रिंगा आहेत आणि किती बदलणार? एक तुटली, तर बाकीच्यांनीही तेवढीच उघडझाप सोसलेली असते. सगळ्या एकदम बदललेल्या बऱ्या. एकच नवी आणि बाकीच्या जुन्या, तर शटर तिरकं चालतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा घोडा लावावा लागतो. दुसरा, तार कशाची? सरकारी कामांत भारतीय मानक ४४५४ प्रमाणे उच्च ताण सोसणारी पोलादी तार मागतात. दुकानदाराला हा आकडा नुसता बोलून दाखवला, तरी समोर येणारा माल बदलतो. तिसरा, जुन्या स्प्रिंगइतक्याच मापाची आणि तारेच्या जाडीची नवी आहे का? दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला सांगा.

आणि एक विनंती. पैशाची घासाघीस करायची असेल, तर स्प्रिंगच्या किमतीवर करा, जोडीदाराच्या मजुरीवर नको. "एकटाच कर ना, कशाला दुसरा माणूस?" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पाना धरणारा तो दुसरा माणूस म्हणजेच त्या कामातली सुरक्षा आहे. त्याचे पाचशे रुपये वाचवले, तर धोका कमी होत नाही, तो फक्त शिडीवरच्या माणसाच्या अंगावर जातो. आणि "गिऱ्हाईक खोळंबलंय, लवकर कर" हेही बोलू नका. पीळ सोडणाऱ्या माणसाला घाई लावणं म्हणजे काय, हे आता तुम्हाला माहीत आहे.

मग घरच्या माणसाने काय करायचं? पुष्कळ आहे. बाजूच्या गाइडमधली माती, पानं, जुनं ग्रीस सुक्या फडक्याने काढा. गाइडमध्ये गाडीचं काळं ऑइल ओतू नका. त्यावर धूळ बसून चिखल होतो, शटर जड चालतं आणि दोष स्प्रिंगला जातो. वाकलेली पट्टी, निघालेला टोकाचा लॉक वेळेवर दुरुस्त करून घ्या. वरच्या खोक्यात पावसाचं पाणी जात असेल, तर ते बंद करा. मिस्त्री आलेला असताना स्प्रिंगांना तेलाचा हात मारून घ्या. आणि खोक्याच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख लिहून ठेवा: स्प्रिंगा कधी बदलल्या. सात वर्षांनी घरात कुणालाही ते आठवत नाही.

तपासणीचा दिवस ठरवून टाका, नाहीतर ती होत नाही. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. कारखान्यात यंत्रांना, घरी विळी-कोयत्याला, गाडीला झेंडूची माळ घालतो. शटरलाही घालतो. त्या दिवशी माळ घालण्याआधी ते कमरेपर्यंत उचला, पकड सैल करा आणि पाहा. जागेवर राहिलं, तर माळ घाला. खाली आलं, तर आधी मिस्त्रीला फोन. दुसरी तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर करा.

आणि घरी गेल्यावर आज एवढंच करा. तुमचं शटर रोज कोण उघडतं, त्याला विचारा, "जड लागतं का रे?" तो नोकर असेल, वॉचमन असेल, तुमची आई असेल. त्यांना पहिल्यापासून माहीत असतं. आपण विचारलेलं नसतं.

आता तुमचे प्रश्न घेतो.